खिळे तोंडात असताना

आमचे भावजी, म्हणजे माझ्या ताईचा नवरा, सोफे आणि खुर्च्या नव्याने भरून देतात. गल्लीत त्यांना सगळे मुनी म्हणतात. जपतप वगैरे काही नाही. दिवसभर त्यांच्या तोंडात खिळे असतात, एवढंच कारण.

हे जरा समजावून सांगायला हवं. सोफ्याचं कापड चौकटीवर ताणून धरायला एक हात लागतो, हातोडीला दुसरा. खिळा उचलायला तिसरा हात देवाने दिलेला नाही. म्हणून जुने कारागीर मूठभर बारीक खिळे सरळ तोंडात टाकतात आणि जिभेने एकेक खिळा फिरवून ओठांशी आणतात. हातोडीच्या टोकाला लोहचुंबक असतं. हातोडी ओठांपाशी न्यायची, खिळा चिकटतो, की ठोकला. मिनिटाला पंचवीस-तीस खिळे सहज जातात. या खिळ्यांना धंद्यात चुका म्हणतात, पण मी आपलं खिळेच म्हणणार आहे, उगाच घोळ नको. आता पिना मारायच्या बंदुका आल्यात. आमच्याकडेही एक आहे. पण भावजींच्या मते पिन ही कागदाला लावायची वस्तू आहे.

तोंडात चाळीस खिळे असलेल्या माणसाला एकच गोष्ट बोलता येते, ती म्हणजे "हं". भावजी अठ्ठावीस वर्षं हं म्हणत आले आणि त्याच्यावर त्यांनी केवढं नाव कमावलं. शेजारचा किल्ल्या बनवणारा पंधरा वर्षं रोज येऊन आपल्या भावाची उणीदुणी काढायचा. भावजी हं म्हणायचे. जगात एकटे मुनीच मला समजून घेतात, असं तो सगळीकडे सांगत फिरायचा. आमची ताई दुकानात मापं घेते, कापडं दाखवते, गिऱ्हाईक सांभाळते. तिच्या तोंडाचा पट्टा सकाळी शटरबरोबर वर जातो. घरातले सगळे निर्णय तिने दुकानातच, त्यांच्या पाठीशी उभं राहून घेतले. अहो, तिसऱ्या मजल्यावरचं घर घेऊ या का? हं. बैठकीच्या भिंतीला नारिंगी रंग देऊ या का? हं. इतका गुणी नवरा कुणाला मिळालाय, असं ती मला दर आठवड्याला विचारायची. माझा नवरा कसला होता हे माहीत असून विचारायची, हे विशेष.

माझा संसार दीड वर्षात आटोपला. बारा वर्षांपूर्वी मी एक बॅग आणि शिलाई मशीन घेऊन ताईकडे आले, पंधरा दिवसांसाठी. दुकानात सोफ्यांची कव्हरं शिवायला माणूस हवाच होता. तेव्हाच्या घरात एक लहान खोली होती, तिच्यात भावजींची लाकडं आणि स्प्रिंगा असायच्या. ताईने ती रिकामी करून मला दिली. मी विचारलं होतं, भावजींना चालेल ना? ताई म्हणाली, विचारलं मी, हं म्हणालेत.

तेव्हा मला त्या हंबद्दल काही शंका आली नाही.

मग यंदा भावजींची अक्कलदाढ दुखायला लागली. पन्नाशी उलटल्यावर. आमच्या घराण्यात अक्कल उशिरा येते, असं ताई सासरच्यांबद्दल म्हणाली. दाताची डॉक्टरीण वयाने लहान, आवाजाने मऊ, पण तिने ती दाढ तासभर खटपट करून, तुकडे करून काढली. तिसऱ्या दिवशी सूज उतरली आणि भावजींच्या लक्षात आलं की तोंड उघडत नाही. दातखीळच बसली म्हणा ना. वरच्या आणि खालच्या दातांमध्ये जेमतेम एक बोट जायचं, तेही माझं. त्यांचं बोट नखापाशीच अडायचं.

डॉक्टरीण म्हणाली, घाबरू नका, असं होतं. भुलीच्या सुईने आणि एवढा वेळ तोंड ताणून धरल्याने जबड्याचे स्नायू रुसतात. गरम पाण्याचा शेक, मिठाच्या गुळण्या आणि व्यायाम, महिन्याभरात सुटेल. मात्र व्यायामात कसूर नको. स्नायूंना आखडून बसायची सवय लागली की मग ते दाद देत नाहीत. तिने आइस्क्रीमच्या काड्यांसारख्या चपट्या लाकडी पट्ट्यांचा गठ्ठा दिला. आज सात पट्ट्या एकावर एक ठेवून दातांत बसतात, तीस आकडे मोजेपर्यंत धरायच्या, दिवसातून पाच वेळा, आणि दर दोन दिवसांनी एक पट्टी वाढवायची. त्यांची स्वतःची तीन बोटं उभी आत गेली पाहिजेत. तीन बोटं गेली की जबडा बरा झाला.

दुसऱ्या दिवशी भावजी कामावर आले आणि सवयीने मूठभर खिळे तोंडाकडे नेले. मूठ ओठांवर अडली. मग एकेक खिळा फटीतून आत सोडून पाहिला. सहावा गालाच्या आत आडवा झाला. ताईने तो चिमट्याने काढला आणि तोंडात खिळे घालायला बंदी केली. खिळे वाटीत आले, वाटी स्टुलावर आली. काम निम्म्यावर आलं, कारण दर खिळ्याला कापड सोडून वाकावं लागायचं. पण खरी भानगड ती नव्हती. अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा भावजींचं तोंड कामाच्या वेळी रिकामं होतं.

ते बोलायला लागले.

जबडा मिटलेला असला तरी माणसाला दातांच्या फटीतून छान बोलता येतं, हे मला तेव्हा कळलं. पहिला बळी किल्लीवाला. तो नेहमीसारखा भावाचं गाऱ्हाणं घेऊन आला आणि भावजी दात न उघडता म्हणाले, चूक तुझी आहे, पंधरा वर्षं तुझीच आहे. किल्लीवाला त्यानंतर आठवडाभर आमच्या बाजूने जात नव्हता, रस्ता ओलांडून पलीकडून जायचा. मग एका बाईंनी वाघाच्या पट्ट्यांचं कापड पसंत केलं. भावजींनी त्यांना सांगितलं की या सोफ्यावर पाहुणा बसणार नाही, बसला तर उठणार नाही, भीतीने. बाई कापड घेऊन दुसरीकडे गेल्या. मी हसून हसून शिवण सोडली. पहिले चार दिवस मला फार मजा आली, हे कबूल करते.

पाचव्या दिवशी ताईची पाळी आली. ती चहा घेऊन आली आणि भावजी म्हणाले, साखर फार असते. ताई म्हणाली, आज जास्त पडली का? ते म्हणाले, लग्नापासून जास्त पडते. दुसऱ्या दिवशी भिंतीचा नारिंगी रंग निघाला. तो गेल्या वर्षीचा. मग बदललेला पलंग, चार वर्षांपूर्वीचा. मग तिसरा मजला. तिसरा मजला सात वर्षांपूर्वीचा आणि भावजींचे गुडघे तेव्हापासून दुखतात म्हणे. ताई इंचपट्टी हातात घेऊन उभी होती. तिचा चेहरा उतरला.

"मग इतकी वर्षं हं म्हणालात, ते काय होतं?" तिने विचारलं.

"खिळे होते तोंडात," भावजी म्हणाले.

ताई एरवी दोन तास भांडली असती. ती पुढे जाऊन बसली आणि तिने त्यांच्याशी बोलणं टाकलं. दुसऱ्या दिवसापासून चहात साखर अजिबात नव्हती. माझ्यासुद्धा. मी काय घोडं मारलं होतं, कोण जाणे.

त्या रात्री मी बोटांवर मोजलं. एक वर्ष, चार वर्षं, सात वर्षं. माणूस मागे मागे जात होता. पुढचा मोठा हं बारा वर्षांपूर्वीचा होता आणि तो मी होते. त्यांची लाकडांची खोली गेली, बायकोची बहीण कायमची घरात आली आणि त्यांना विचारलं कधी, तर तोंडात खिळे असताना. ज्याला पलंग पटला नव्हता त्याला मी कशी पटणार? माझी बॅग नव्या घरातही माझ्या खोलीत कपाटावरच होती. बारा वर्षांत मी ती कधी माळ्यावर टाकली नाही. माझं वय त्रेचाळीस, जवळ एक मशीन, आणि जाण्यासारखं दुसरं घर नाही. मी घाबरले होते, दुसरा शब्द नाही.

दुकानात माझं मशीन खिडकीपाशी आहे. दुसऱ्या दिवसापासून भावजी माझ्याकडे वळून "अगं," म्हणाले की मी मशीन चालू करायची. सुईखाली कापड असो वा नसो. त्या आवाजात दातांच्या फटीतलं बोलणं ऐकू येत नाही. दोनदा, तीनदा, चारदा त्यांनी अगं म्हटलं आणि चारही वेळा मी रिकामं मशीन दामटलं. ते हात झटकून पुन्हा खुर्चीकडे वळायचे. पण असं किती दिवस चालणार? माझी सुटका एकाच गोष्टीत होती. यांचा जबडा लवकरात लवकर उघडायला हवा, म्हणजे खिळे परत आत जातील आणि माझा विषय बाहेर यायचा राहून जाईल.

म्हणून मी त्यांच्या व्यायामाच्या मागे लागले. भावजींना त्या पट्ट्या मुळीच आवडायच्या नाहीत. उघडं लाकूड माणसाच्या अंगाला लागता कामा नये, हा त्यांच्या धंद्याचा पहिला नियम आहे. खुर्ची असो की दात, नियम तो नियम. मीही त्याच दुकानातली. मला ते लगेच पटलं. मी एकेका पट्टीला दोन्ही बाजूंनी पातळ फोम लावला, वरून मऊ पांढरं रेक्झिन चढवलं आणि कडेने बारीक टाके घातले. इतकं नीटनेटकं काम मी गिऱ्हाइकाचंही केलेलं नाही. भावजींनी पट्टी हातात फिरवून पाहिली आणि शिवण चांगली आहे म्हणाले. त्यांच्याकडून ऐकलेलं ते माझं पहिलं कौतुक. तेवढ्यापुरतं मी मशीन बंद ठेवलं होतं.

भरलेल्या पट्ट्या जाड, म्हणून पहिल्या दिवशी तीनच बसल्या. तिसऱ्या दिवशी चार. आठवड्याने पाच. मी भिंतीवर खडूने आकडे लिहीत होते आणि आकडा चढला की मला रात्री झोप लागत होती. दहाव्या दिवशी सहा पट्ट्या बसल्या. भावजी खुशीत, मी त्याहून खुशीत. आम्ही डॉक्टरणीकडे सहाही पट्ट्या घेऊन गेलो, बक्षीस घ्यायला निघाल्यासारखे.

डॉक्टरणीने लहान मोजपट्टीने दातांमधलं अंतर मोजलं. पुन्हा मोजलं. पहिल्या वेळी होतं तेवढंच होतं, केसभर इकडे तिकडे. मग तिने आमच्या पट्ट्या मागितल्या. एक पट्टी तिने दोन बोटांत दाबली आणि तिचा फोम कागदासारखा चपटा झाला.

"दहा दिवस तुम्ही फोमला व्यायाम दिलात," ती म्हणाली.

तोंड उघडत नव्हतं, फोम बसत होता. रोज चावून चावून तो चपटा झाला, म्हणून जास्त पट्ट्या मावायला लागल्या. हलका फोम महिन्यात बसतो, तो घेऊ नका, असं आम्ही दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला सांगतो. दिवसातून तीन वेळा सांगतो. मी जमिनीकडे पाहत होते. भावजी छताकडे पाहत होते, त्यांना खुर्चीत तसंच आडवं ठेवलं होतं.

डॉक्टरीण हसली नाही. तिने सांगितलं की हातातले चांगले दिवस फुकट गेले. आता तीन आठवडे आहेत. तेवढ्यात दोन बोटांच्या वर उघडलं नाही, तर मोठ्या दवाखान्यात नेऊन भूल देऊन उघडावं लागेल, आणि त्यानंतरही पूर्ण उघडेल अशी हमी ती देणार नाही. आम्ही दुकानात परतलो. भावजींनी आल्या आल्या खिळ्यांची वाटी उचलली, पाहिली आणि खाली ठेवली. त्यांच्या वयाचा कारागीर बंदूक शिकून काय करणार, हे मला न सांगता कळलं. आणि हे सगळं माझ्या नीटनेटक्या शिवणीने झालं होतं.

त्या दिवसापासून उघड्या पट्ट्या. ताई बोलत नव्हती, पण तिने शेकाचा टॉवेल आणि गरम पाण्याचं भांडं न सांगता माझ्यासमोर आणून ठेवलं. मी भावजींच्या गालावर शेक धरायची, मग सात पट्ट्या दातांत सरकवायची आणि तीसपर्यंत मोजायची. त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायचं. पट्ट्या तोंडात असल्या की त्यांना बोलता येत नव्हतं, तेवढाच मला आधार. पट्ट्या काढल्या की मी ताबडतोब उठून मशीनवर.

एकदा दुपारी मी घाई केली. दहा बसल्या होत्या, मी अकरावी घातली आणि ते मान हलवत असताना बारावीही रेटली. भावजींनी माझं मनगट धरलं. जोरात नाही, पण धरलं. त्यांचं कपाळ घामाने भिजलं होतं. मला स्वतःची लाज वाटली. मी त्यांचा जबडा त्यांच्यासाठी उघडत नव्हते, त्यांचं तोंड बंद व्हावं म्हणून उघडत होते. मी दोन पट्ट्या काढल्या, टॉवेल पुन्हा गरम केला आणि त्यानंतर डॉक्टरणीने सांगितलं होतं तेवढंच, दोन दिवसांनी एक, असं चाललं. त्या दुपारनंतर रिकामं मशीन चालवणंही मी सोडलं. म्हटलं, बोलायचं तर बोलू दे. तर आता ते अगं म्हणेनात. दिवस असे उलटे.

अकरा, बारा, तेरा. पातळ सूप आणि कुस्करलेलं केळं यांच्यावर भावजींचा कमरेचा पट्टा दोन भोकं आत गेला. अठराव्या दिवशी सकाळी दाढी करताना त्यांना मोठी जांभई आली आणि कानाजवळ कट्ट वाजलं. ते घाबरून बाहेर आले. मी म्हटलं, बोटं घाला. एक गेलं, दुसरं गेलं, तिसरं नखापर्यंत गेलं. दरवाजात ताई उभी होती. महिन्याभरात ती त्यांच्याशी पहिल्यांदा बोलली.

"पूर्ण घाला," ती म्हणाली, "अर्धवट कामं मला आवडत नाहीत."

आणखी चार दिवसांनी तिसरं बोटही पुरतं गेलं. डॉक्टरणीने मोजलं, पाठ थोपटली, आणि मग तिला भावजींच्या पुढच्या दातांना पडलेल्या खाचा दिसल्या. हे कशाने झालं, म्हणून तिने विचारलं. खिळ्यांनी, असं मी सांगितल्यावर तिचे डोळे पांढरे झाले. खिळा गिळला तर? श्वासनळीत गेला तर? यापुढे तोंडात एकही खिळा घालायचा नाही, कळलं का? तिचं बोट अजून त्यांच्या तोंडात होतं. भावजी म्हणाले, हं. तिचं समाधान झालं. बिचारीला आमच्याकडचा अनुभव नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी भावजींनी वाटी घेतली, मूठ भरली. ताईने पाहिलं आणि म्हणाली, निम्मे. त्यांनी निम्मे परत टाकले. मूठ तोंडाकडे निघाली. आता ते खिळे आत गेले की सगळं पहिल्यासारखं होणार होतं. माझी खोली, माझं मशीन, माझी बॅग कपाटावर, कुणी काही विचारणार नाही, कुणी काही सांगणार नाही. याच क्षणाची मी महिनाभर वाट पाहिली होती. आणि तो आला तेव्हा मला तो नकोसा झाला.

मी मशीनवरून उठले. म्हटलं, भावजी, आधी एक सांगा. बारा वर्षांपूर्वी मी राहायला आले तेव्हा ताईने तुम्हाला विचारलं आणि तुम्ही हं म्हणालात. तेव्हाही खिळे होते का?

भावजींनी मूठ खाली घेतली. ताईने इंचपट्टी गुंडाळायला सुरुवात केली, आधीच गुंडाळलेली होती तरी.

"होते," भावजी म्हणाले. "ते तळहातावर काढले आणि मग सांगितलं. पंधरा दिवस कशाला, कायमची राहू दे म्हटलं. हिने सांगितलं नाही?"

मी ताईकडे पाहिलं. ताई म्हणाली की हं काय आणि हो काय, अर्थ तोच. आणि तेव्हा कायमची म्हटलं असतं तर मी भरलेल्या डोळ्यांनी खोलीत पडून राहिले असते, कामाला हात लावला नसता. मला तिचा इतका राग आला की काय सांगू. बारा वर्षं मी त्यांच्या घरात पाहुणीसारखी पाय आखडून झोपले आणि या बाईने एक वाक्य इंचपट्टीसारखं गुंडाळून खिशात ठेवलं होतं. मी तिला बरंच सुनावलं. मधूनच रडलेही. ती म्हणाली, रड, पण कापडावर नको.

मग मी भावजींना विचारलं, मध्यंतरी माझ्याकडे वळून अगं अगं करत होतात, ते काय होतं?

"तुझं मशीन," ते म्हणाले. "बारा वर्षं माझा उजेड अडतोय."

आणि त्यांनी खिळे तोंडात टाकले.

मशीन जड आहे. ताईने एक बाजू धरली, मी दुसरी, आणि आम्ही ते खिडकीपासून भिंतीकडे ओढत नेलं. भावजींच्या कामाच्या फळीवर ऊन आलं. इथे ठेवू का, असं मी विचारलं.

"हं," ते म्हणाले.

मी मशीन सोडणार होते. तेवढ्यात त्यांनी हातोडी खाली ठेवली, तळहात तोंडाशी धरला आणि एकेक करून वीसही खिळे त्याच्यावर काढले.

"अजून वीतभर डावीकडे," ते म्हणाले.

आम्ही वीतभर डावीकडे सरकवलं.